ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला आधी वाचून दाखवा : वर्गाचा ब्लॉग सुरू करणाऱ्या शिक्षकांसाठी

आमच्या सातवीच्या ब्लॉगवर पहिल्याच महिन्यात एका मुलीनं विड्या वळणाऱ्या आईबद्दल सुंदर लेख लिहिला होता. आई मांडीवर सूप घेऊन कशी बसते, तेंदूची पानं भिजवून कात्रीनं कशी कापते, बोलताबोलता न पाहता विडी कशी वळते, कारखान्यात माल देताना चेकर खराब विड्या बाजूला काढायला लागला की तिचा चेहरा कसा होतो, हे सगळं त्यात होतं. मी दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि लेख लगेच प्रसिद्ध केला. आठ दिवसांनी ती आई शाळेत आली. रागावली नव्हती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, पोरीनं लिहिलं ते खरंच आहे. पण आमच्यावर कर्ज आहे ते कशाला लिहिलं? आता गल्लीत सगळ्यांना कळलं."

कर्जाचं ते वाक्य मी वाचलं होतं. लेखातलं सगळ्यात खरं वाक्य म्हणून मला ते आवडलंही होतं. ज्या बाईचं ते कर्ज, तिला विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं. चूक मुलीची नव्हती, माझी होती.

त्या दिवशी आमच्या वर्गात एक नियम आला. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला ते आधी वाचून दाखवायचं. नुसता कागद हातात द्यायचा नाही. सोलापुरात हे फार महत्त्वाचं आहे. पूर्व भागात कितीतरी घरांत आई-आजी तेलुगू बोलतात, कुठं कन्नड, कुठं उर्दू. मराठी ऐकून कळतं, पण वाचता येतंच असं नाही. मूल शेजारी बसून वाचतं, अडेल तिथं घरच्या भाषेत सांगतं आणि आजी मध्येच म्हणते, "हे नको लिहू." तेवढं वाक्य वहीतच राहतं. पुढं ज्या ज्या गोष्टी सांगणार आहे, त्या सगळ्या या एका सवयीच्या आधारानं उभ्या आहेत.

पहिले तीन आठवडे भिंतीवर

लगेच संगणकाकडं धावू नका. वर्गाच्या मागच्या भिंतीवर कार्डशीट चिकटवा, मुलांचे लेख हातानं लिहून त्यावर लावा आणि प्रत्येक लेखाखाली चिठ्ठ्या डकवायला जागा सोडा. त्या चिठ्ठ्या म्हणजे प्रतिक्रिया. भिंतीवर झालेली चूक चाळीस जणांतच राहते आणि मधल्या सुट्टीत कागद काढून टाकता येतो.

पहिल्या दोन दिवसांत काय होतं ते बघा. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'छान' असेल, काहींवर हृदयाची चित्रं, आणि चार-पाच चिठ्ठ्या अशा असतील की लिहिणारा हसत असेल पण वाचणारा रडवेला होईल. आमच्याकडं एका मुलानं दुसऱ्याच्या लेखाखाली लिहिलं होतं, 'कसलं मराठी बे तुझं'. दोघे जिवलग मित्र. सोलापुरात 'बे' हा मैत्रीतला शब्द, कट्ट्यावर 'काय बे, कुठं होतास' म्हटल्यावर कुणी तोंड पाडत नाही. कारण तिथं आवाज असतो, खांद्यावर हात असतो. कागदावर ते दोन्ही गळून पडतात. ज्याच्याबद्दल ते लिहिलं होतं तो तेलुगू घरातला मुलगा. 'मी पाणी पिली' असं काहीतरी त्याच्या लेखात राहून गेलं होतं आणि त्याच्या मराठीवर पहिलीपासून कुणी ना कुणी हसत आलं होतं.

मी त्या मित्राला ती चिठ्ठी वर्गासमोर उभं राहून, कसलाही सूर न लावता, बातमी वाचतात तशी वाचायला सांगितली. त्याच्या तोंडून 'बे' निघेना. तेव्हापासून प्रत्येकजण आपली प्रतिक्रिया डकवण्याआधी शेजाऱ्याला सपाट आवाजात वाचून दाखवतो. टोचलं तर शेजारी सांगतो. 'बे'ची बंदी नाही. कुणी आपल्या गोष्टीत दोन मित्रांचं बोलणं लिहिलं तर तिथं तो शब्द हवाच, त्याशिवाय ते बोलणं सोलापूरचं वाटणार नाही.

घरची परवानगी

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी घ्या. मग पालकांना अर्ध्या पानाचं पत्र द्या. ते कायद्याच्या भाषेत नको, आपण फाटकापाशी बोलतो तसं लिहा. ब्लॉग कोण चालवणार, कोण वाचू शकणार, मुलाचं काय दिसणार आणि नको वाटलं तर काढून कसं घ्यायचं, एवढं त्यात असावं. संमती एका सहीत उरकू नका. लेख टाकावा का, चित्र किंवा हस्तकलेचा फोटो टाकावा का, मुलाचा स्वतःचा फोटो टाकावा का आणि आवाज टाकावा का, हे चार वेगळे प्रश्न आहेत. त्यांची चार वेगळी उत्तरं येतात. लेखाला बहुतेक पालक हो म्हणतात. फोटोला नकार देणारे निघतात आणि त्यांची कारणं आपल्याला माहीत असायलाच हवीत असं नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती हवी असं म्हटलं आहे. म्हणून सह्यांची फाईल जपून ठेवा. पालकसभेत पत्र मोठ्यानं वाचा आणि वरच्या वर्गातल्या मुलांकडून तेलुगू, कन्नड, उर्दूतही सांगायला लावा. पाळीवरून थेट आलेला माणूस उभ्याउभ्या सही करून जातो, त्याला दोन मिनिटं बसवा.

ज्याच्या घरून नकार आला ते मूल वगळलं जाऊ नये. त्याचा लेख भिंतीवर लागतो, तितकाच मोठा, तितक्याच चिठ्ठ्यांसह. म्हणून आमची भिंत ब्लॉग सुरू झाल्यावरही तशीच आहे.

पत्राच्या कोपऱ्यात ब्लॉगचा क्यूआर कोड छापा. आपल्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. ज्या पालकाला लांबलचक पत्ता टाइप करणं जमत नाही, तो कोड मात्र सहज स्कॅन करतो.

खातं आणि चाव्या

खातं शिक्षकाच्या वैयक्तिक ईमेलवर काढू नका. शाळेच्या नावानं वेगळं ईमेल काढा, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि पासवर्ड मुख्याध्यापकांकडं बंद पाकिटात द्या. मुलांना स्वतःची खाती काढायला सांगू नका. गुगलचं खातं स्वतः सांभाळायला भारतात किमान १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे सातवीतली कितीतरी मुलं त्यात बसत नाहीत. वय वाढवून खातं काढायला शाळेनं शिकवू नये.

साधन निवडताना एक गोष्ट तपासा : मुलाला लिहिता यावं, पण प्रसिद्ध करता येऊ नये. वर्डप्रेसमध्ये अशी भूमिका आहे. ती दिली की मूल मसुदा लिहितं आणि शिक्षकानं मान्य केल्याशिवाय तो बाहेर जात नाही. गुगलच्या ब्लॉगरवर ही सोय नाही. तिथं लेखक म्हणून जोडलेला माणूस थेट प्रसिद्ध करू शकतो. म्हणून ब्लॉगर वापरायचा तर मुलांनी वहीत किंवा शाळेच्या संगणकावर लिहावं आणि चढवायचं काम फक्त शिक्षकानं करावं. आम्ही असंच करतो. वेळ लागतो, पण त्याच वेळात वाचून दाखवणं होतं.

सुरुवातीला तीन दारं लावून घ्या. सर्च इंजिनना ब्लॉग दिसू नये असा पर्याय निवडा. पण त्यानं ब्लॉग फक्त शोधात येत नाही, दुवा असलेल्या कुणालाही तो उघडतोच, हे विसरू नका. प्रत्येक प्रतिक्रिया तुमच्या मान्यतेनंतरच दिसेल असं ठरवा. आणि अनामिक प्रतिक्रिया बंद करा. वाचक निवडक ठेवायचीही सोय असते. मात्र त्यासाठी प्रत्येक वाचकाला ईमेलनं आत यावं लागतं आणि आपल्याकडचे बरेच पालक तिथंच अडतात. जे दार कुणालाच उघडता येत नाही ते लावून उपयोग नाही, तेव्हा आपल्या पालकांकडं पाहून ठरवा.

टोपणनावं

पूर्ण नाव कधीच नको, आडनाव तर नकोच. आपल्या गावात आडनावावरून जात कळते, घरची भाषा कळते, कधी गल्लीसुद्धा कळते. मुलांना टोपणनावं घेऊ द्या. आमच्या वर्गात हुरडा, कडकभाकरी, माळढोक आणि पतंग असे लेखक आहेत. नावापुढं जन्मसाल किंवा हजेरी क्रमांक जोडू देऊ नका, मुलांना त्याची फार हौस असते. कोणतं टोपणनाव कुणाचं याची यादी कागदावर, कपाटात. शाळेचं नाव आणि इयत्ता यांपैकी एकच ठेवा. आम्ही इयत्ता ठेवली, शाळा नाही.

चार साधी वाक्यं

हा तास मी दरवर्षी घेते आणि माझ्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगाचा तोच आहे. फळ्यावर मी एका काल्पनिक मुलीची चार वाक्यं लिहिते, वेगवेगळ्या दिवशी ब्लॉगवर आल्यासारखी. सोमवारी : 'आमच्या गॅलरीतून सिद्धेश्वर तलाव दिसतो.' बुधवारी : 'शाळा सुटल्यावर कुलूप मीच उघडते, आई सातला येते.' शुक्रवारी : 'आमच्या इमारतीखाली झेरॉक्सचं दुकान निघालं, आता प्रोजेक्टसाठी लांब जायला नको.' शनिवारी : 'बाबा पंधरा दिवसांसाठी पुण्याला कामाला गेलेत.' आणि विचारते, या मुलीबद्दल काय काय सांगता येईल?

सुरुवातीला मुलं खेळ समजून ओरडत उत्तरं देतात. तलावाच्या कुठल्या बाजूला, कितव्या मजल्यावर, कोणतं दुकान. मग एखादं मूल हळू आवाजात म्हणतं, "बाई, ही पाच ते सात घरात एकटी असते." वर्ग गप्प होतो. चारही वाक्यांत वाईट काहीच नाही. एकेकटं वाक्य कुणालाही चालेल. ती एकमेकांशेजारी आली की मात्र पत्ता होतो आणि वेळही कळते.

त्यानंतर लगेच दुसरं काम द्या, नाहीतर मुलं घाबरून सगळंच कोरडं लिहायला लागतात. हेच लेखन रसाळ ठेवून दुरुस्त करायचं. तलावावरचा सकाळचा रंग हवा तेवढा लिहा, गॅलरी काढा. उखळात शेंगा कुटतानाचा आवाज, चटणीचा तिखट ठसका, हातमागाच्या खटखटीत मोठ्यानं बोलायची घरादाराला लागलेली सवय, हे पानंच्या पानं लिहा. त्यावरून कुणालाही घर सापडत नाही. कुठं राहतो, कधी एकटे असतो, कोणत्या रस्त्यानं जातो, पैसे किती आणि कुठं असतात, आजार काय आहे, हे वहीत राहू द्या.

आणि घडून गेल्यावर लिहा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जाणार असाल तर 'उद्या संध्याकाळी आम्ही सगळ्या होम मैदानावर' असं आदल्या दिवशी नको. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून, पाळण्यात बसून, घरी येऊन, आठवडाभरानं लिहा. तसे लेख उतरतातही चांगले.

हीच सावधगिरी माणसांपलीकडंही लागू पडते. नान्नजच्या बाजूच्या एका मुलानं टिटवीच्या घरट्याबद्दल लिहिलं होतं, कोणत्या बांधावर, कोणत्या बाभळीपासून किती पावलांवर, सगळं. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. माळढोकही जमिनीवरच घालतो. १९७९ पासून नान्नजला त्याचं अभयारण्य असूनही तो पक्षी आपल्या माळावरून जवळजवळ नाहीसा झाला आहे. मुलाला एवढं सांगितल्यावर त्यानं पावलं आणि बाभूळ स्वतःच खोडली.

फोटो

चेहरे टाळा. हात दाखवा, वही, मातीचं काम, मागावरची अर्धी विणलेली चादर, पाठमोरा वर्ग. प्रसिद्ध करण्याआधी फोटोच्या कोपऱ्यांकडं बघा. गणवेशावरचा बिल्ला, ओळखपत्र, मागच्या फळ्यावरची नावं, रिक्षाचा नंबर, निकालपत्रक तिथंच लपलेलं असतं. मोबाईलच्या फोटोत कधी कधी जागेची माहिती आपोआप साठते, तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा. यात्रेत आकाशपाळण्यात बसलेलं दुसऱ्याचं मूल कितीही गोड दिसलं तरी त्याचा फोटो आपला नाही.

गावात एखाद्या मुलावर अत्याचार झाला किंवा एखादं मूल गुन्ह्यात सापडलं, तर त्याबद्दल ब्लॉगवर ओळीही नकोत. अशा मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नं मनाई केली आहे आणि लहान गावात नाव न लिहिताही ओळख पटते.

दुसऱ्याचं लिहिलेलं

सोलापुरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर लिहा म्हटलं की दहा मुलांकडून एकच परिच्छेद येतो. उपाय जुनाच आहे : वाचा, पुस्तक किंवा पडदा बंद करा, शेजाऱ्याला सांगा, मग लिहा. १९३८ साली ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले, एवढं मुलांच्या लक्षात राहतं. मग ती त्यांच्या आईबद्दल प्रश्न विचारायला लागतात आणि लेख तिथून सुरू होतो. पाठ्यपुस्तकातली कविता जशीच्या तशी चढवू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो. चित्रं विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या आणि काढणाऱ्याचं नाव व परवाना खाली लिहा. वर्गात कुणी छान चित्र काढत असेल तर त्यालाच सांगा, ते सगळ्यात बरं.

प्रतिक्रिया

भिंतीवर तीन आठवडे गेले असतील तर इथं फार सांगावं लागत नाही. आमची मुलं प्रत्येक प्रतिक्रियेत एक आवडलेली जागा नेमकी सांगतात आणि एक प्रश्न विचारतात. 'आजीनं विहिरीची गोष्ट सांगितली ते आवडलं. ती विहीर अजून आहे का?' अशा प्रश्नामुळं लिहिणारा पुन्हा आजीकडं जातो. लेखनातली चूक जाहीर दाखवायची नाही, ती शिक्षकाकडं सांगायची. देवधर्म, जात, रंग, अंगकाठी, घरची परिस्थिती आणि बोलण्याची ढब यांवर शेरा आला तर तो मी मान्य करत नाही. लिहिणाऱ्याला एकट्याला बोलावून का थांबवला ते मात्र सांगते. बाहेरच्या अनोळखी माणसाची प्रतिक्रिया, अगदी कौतुकाची असली तरी, आम्ही दाखवत नाही. 'तुझा नंबर दे, मी तुझी पुस्तकं छापतो' असं कौतुकातूनच सुरू होतं.

काही बिघडलं तर

हा भाग मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगा. मूल येऊन सांगेल तेव्हा पहिलं वाक्य 'तू सांगितलंस ते बरं केलंस' हेच असू द्या. मोबाईल काढून घेतला जाईल या भीतीनं मुलं महिनोन्‌महिने गप्प राहतात.

धमकी, त्रास किंवा शिवीगाळ असेल तर आधी तारीख, वेळ आणि दुवा दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मग मजकूर ब्लॉगवरून काढून मसुद्यात ठेवा. घाईनं पुसला तर पुरावाच जातो. मग मुख्याध्यापक आणि पालक. मुलाचं अश्लील चित्र असेल तर मात्र स्क्रीनशॉट घेऊ नका, 'बघा काय आलंय' म्हणून कुणाला पाठवूही नका. ते जवळ ठेवणं आणि पुढं पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. फक्त दुवा लिहून घ्या आणि थेट तक्रार करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर लिहून देता येतं, सायबर मदतीचा क्रमांक १९३० आणि मुलांसाठीचा १०९८. १९३० आमच्या मुलांना पाठ करावा लागत नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, हे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून येताजाता त्यांनी ऐकलेलं असतं.

वर्ष संपताना

मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी, एक तास राखून ठेवा. प्रत्येक मुलाला त्याचे सगळे लेख दाखवा आणि एकेका लेखाबद्दल विचारा : ठेवू की काढू? घरच्यांबद्दलचा लेख असेल तर तो पुन्हा एकदा घरी वाचून दाखवायचा, कारण वर्षभरात घरात बरंच काही बदललेलं असतं. सगळ्या मजकुराची प्रत शाळेच्या पेनड्राइव्हवर उतरवा, पासवर्ड बदला, टोपणनावांची यादी पुढच्या शिक्षकाच्या हातात द्या.

दोन वर्षांपूर्वी नववीत गेलेला एक मुलगा स्टाफरूमच्या दारात आला होता. सातवीत असताना त्यानं वडिलांच्या यंत्रमागावर लिहिलं होतं. "बाई, तो लेख काढता का?" कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मधल्या सुट्टीत त्याच्यासमोर लेख उतरवला आणि त्याची छापील प्रत त्याला दिली. त्यानं ती चार घड्या करून खिशात ठेवली.